मेसमधले उष्टे आणि भाताचा डाव : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

जागा : वसतिगृहाची मेस, फक्त रात्रीचे जेवण, साधारण ३०० ताटे. वेळ ७:३० ते ९:३०. मेनू आठवड्याचा ठरलेला. बुधवारी मसालेभात, बाकी दिवस साधा भात. पोळ्या आणि कोशिंबीर हाताने घ्यायची, भाजी-आमटी-भात मावशी वाढतात.

काम : ताटात टाकले जाणारे अन्न कमी करणे. दंड नाही, सक्ती नाही, भाषण नाही. फक्त मांडणी, माप आणि वाढण्याची पद्धत बदलायची. इंग्रजीत याला 'नज' म्हणतात. मराठीत 'कोपरखळी' म्हणता येईल, पण त्यात टोमणा येतो, आणि टोमणे मारणारे फलक मेसमध्ये आधीच पुरेसे आहेत. नोंदीत 'नज' हाच शब्द ठेवला आहे.

३० जून, सोमवार

आधी काय मोजायचे ते ठरवले. 'वाया गेलेले अन्न' हा एकच आकडा काढला की काहीच कळत नाही. तीन ढीग वेगळे :

१. उष्टे, म्हणजे ताटात घेतलेले पण न खाल्लेले. यातही भात, पोळी, भाजी-आमटी वेगळी.
२. पातेल्यात उरलेले, ताटापर्यंत न पोहोचलेले.
३. अटळ : शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा, कढीपत्ता, आमसूल, लिंबाच्या फोडी. वजन करायचे, पण हिशेबात धरायचे नाही.

सोलणे-चिरण्यातला कचरा या प्रकल्पात नाही. तो जेवणाऱ्याच्या हातात नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात घरांचा वाटा ६० टक्के आणि मेस-उपाहारगृहांसारख्या ठिकाणांचा २८ टक्के. मेसची सोय अशी की तिथे ३०० जणांच्या सवयी एका डावाने बदलता येतात. घरी ३०० डाव बदलावे लागतील.

३ जुलै, गुरुवार

मोजणीची रंगीत तालीम. काटा ३० किलोचा, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. २० लिटरच्या तीन बादल्या, प्रत्येकीचे रिकामे वजन तिच्यावरच ऑइल पेंटने लिहिले.

पहिल्याच दिवशी आकडा फुगला. कारण पाणी. बरेच जण ताट ठेवण्याआधी पेल्यातले उरलेले पाणी ताटात ओततात. पाचच जणांनी दोनदोनशे मिली ओतले तरी एक किलो 'अन्न' वाढते. उपाय दोन : बादल्यांच्या अलीकडे पाण्यासाठी वेगळे घमेले ठेवले, आणि उष्टे मोठ्या चाळणीत दोन मिनिटे निथळवूनच काट्यावर ठेवायचे. निथळताना आमटी वाहून जाते, म्हणजे आमटीचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी येणार. ते मान्य. चूक रोज सारखीच होत असेल तर तुलना चालते.

७ जुलै, सोमवार

काटा भिंतीआड हलवला. तालमीच्या दिवशी तो ताटे ठेवायच्या टेबलाशेजारी होता, तेव्हा मुले काटा पाहून उरलेला घास तोंडात कोंबत होती. हा परिणाम खरा असतो, पण काटा उचलला की तोही जातो. पायाभूत, म्हणजे काहीही बदलण्याआधीच्या, मोजणीत तो मिसळला तर पुढचा सगळा हिशेब खोटा.

जेवणाऱ्यांची संख्या कूपनवरून घ्यायची नाही; कूपन फाडूनही काही जण बाहेर जेवतात. रॅकवरची ताटे संध्याकाळी ७ वाजता मोजायची, ९:३० ला उरलेली मोजायची, फरक म्हणजे जेवणारे. सगळे आकडे दर ताटामागे ग्रॅममध्ये.

उद्यापासून पायाभूत मोजणी, मंगळवार ते शुक्रवार, तीन आठवडे. सोमवार आणि शनिवार मोजायचे पण तुलनेत नाहीत, कारण श्रावण लागला की त्या दोन दिवशी निम्मी मेस उपासाची. रविवारी गोडाचे जेवण, त्याचा प्रकारच वेगळा.

११ जुलै, शुक्रवार

चार दिवस रांगेजवळ उभे राहून फक्त पाहणी. लक्षात आलेले :

दुसऱ्यांदा वाढून घ्यायला त्याच रांगेत पुन्हा शेवटी उभे राहावे लागते. ८ ते ८:३० या गर्दीच्या वेळी हा मोठाच त्रास. शिवाय ८:४५ नंतर आवडीची भाजी संपते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पहिल्याच फेरीत 'असू दे' म्हणून जास्त घेतले जाते. हे बेफिकिरीतून होत नाही. तो विमा आहे. विम्याची गरज तशीच ठेवून डाव लहान केला तर लोक दोन डाव मागतील, एवढेच.

दुसरी गोष्ट वाढण्याच्या रीतीची. आपल्याकडे वाढणारा वाढत राहतो आणि जेवणाऱ्याने 'बास' म्हणायचे असते. पंगतीत हे ठीक, तिथे जेवणाऱ्याचे लक्ष पानाकडे असते. रांगेत त्याचे लक्ष फोनकडे असते. 'बास' तोंडातून निघेपर्यंत दुसरा डाव ताटात पडलेला असतो. गप्प राहणाऱ्याला जे आपोआप मिळते, ते या मेसमध्ये आहे 'दोन डाव भात'. नजच्या कामात सगळ्यात आधी हेच शोधायचे असते : काहीच न बोलणाऱ्याचे काय होते?

असल्या ठरीव पर्यायाचा जोर मोठा असतो. स्वीडनमधल्या एका विद्यापीठात प्रिंटर मुळातच दोन्ही बाजूंनी छापेल असे लावून ठेवले, तर कागदाचा वापर सुमारे १५ टक्के घटला. एका बाजूने छापायला कुणालाच बंदी नव्हती. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू करताच २४ अंशांवर असावेत, हा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा नियमही त्याच जातीचा.

१८ जुलै, शुक्रवार

फलकांची मोजदाद. भोजनगृहात एकूण पाच. 'अन्न हे पूर्णब्रह्म' दोन ठिकाणी, 'हवे तेवढेच घ्या', 'अन्न टाकणे पाप आहे', आणि खडूने लिहायचा फळा : 'काल इतके किलो अन्न आपण फेकले'.

पहिले चार निरुपद्रवी. रोज समोर असतात, म्हणून कुणाला दिसत नाहीत. पाचवा मात्र अपायकारक. त्याचा हेतू लाज वाटावी असा, पण वाचणाऱ्याला त्यातून कळते की इथे सगळेच टाकतात. अमेरिकेत ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हे तपासले होते. 'पूर्वी अनेकांनी इथले अश्मीभूत लाकूड नेले' अशा सुराची पाटी लावली तिथे मुद्दाम ठेवलेल्या खुणेच्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के चोरीला गेले. नुसते 'नेऊ नका' म्हटले तिथे १.६७ टक्के.

फळा आज उतरवायचा नाही. पायाभूत मोजणी चालू आहे. २५ तारखेनंतर.

२५ जुलै, शुक्रवार

पायाभूत बारा दिवस पूर्ण. गुरुवार २४ चा दिवस बाद : दीप अमावस्या, म्हणजेच गटारी. मेस ओस पडली, आणि जे आले त्यांची भूकही बाहेर भागलेली. राहिले अकरा.

मेस समितीकडून सूचना आली की ताटात टाकणाऱ्याला २० रुपये दंड लावा. लेखी नकार दिला. कारणे : (अ) दंड म्हणजे नज नव्हे, तो वेगळा प्रयोग, दोन्ही एकदम केले तर कशाने काय झाले ते कळणार नाही. (आ) दंडाची किंमत होते. इस्राएलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशीर वाढून जवळपास दुप्पट झाला, आणि दंड काढल्यावरही खाली आला नाही. २० रुपये दिले की टाकायचा हक्क मिळतो, असा अर्थ इथेही निघेल. (इ) कुणाचे पोट बिघडलेले असते, कुणाचे खाण्याशी असलेले नाते नाजूक असते. ताट टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर थांबवणे आम्हाला मान्य नाही. वजन नेहमी बादलीचे, माणसाचे कधीच नाही.

ताटे बदलायचा प्रस्तावही बाजूला ठेवला. नॉर्वेतल्या हॉटेलांत बुफेच्या ताटाचा आकार कमी केल्यावर अन्नाची नासाडी सुमारे २० टक्के घटली, हे खरे. पण तिथे हाताने घ्यायचे होते. इथे मावशी वाढतात, ताटाला खण आहेत आणि खणाच्या वरही शीग लागतेच. शिवाय ताटांच्या आकाराविषयीचे जे संशोधन सर्वांत गाजले, त्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचे अनेक निबंध पुढे मागे घेतले गेले. ३५० ताटांचा खर्च अशा पायावर नको.

२८ जुलै, सोमवार

डावांची मोजणी. भाताचा चालू डाव, मावशी भरतात तसा भरून, वीस वेळा काट्यावर ठेवला : सरासरी ११५ ग्रॅमच्या आसपास शिजलेला भात. दोन डाव म्हणजे २३० ग्रॅम. भांड्यांच्या बाजारातून आणलेला लहान डाव, तसाच भरून : ७० ग्रॅम.

डाव घेताना पाहायचे ते असे. दांडा जुन्याइतकाच लांब हवा, नाहीतर खोल पातेल्यात हात भाजतो आणि तिसऱ्या दिवशी जुना डाव परत येतो. वाटी खोल नको, उथळ हवी. खोल वाटीत भात दाबला जातो, आणि 'लहान' डाव ९० ग्रॅम भरतो. खरेदीला जाताना शिजलेला भात डब्यात नेऊन दुकानातच भरून पाहिलेला बरा. पाण्याने मोजलेले माप इथे उपयोगाचे नाही.

खडूचा फळा उतरवला. 'पूर्णब्रह्म' तसेच राहू दिले.

३० जुलै, बुधवार

काल-आज चाचणी. फसली. लहान डाव हातात आल्यावर मावशींनी तीन डाव वाढायला सुरुवात केली. ७० गुणिले ३ म्हणजे २१०. जवळपास जुनेच माप.

यात त्यांची चूक नाही. हाताला ताटातला ढीग किती दिसला पाहिजे ते ठाऊक असते, डावांची संख्या नव्हे. आणि कमी वाढणे म्हणजे हात आखडणे. पोरांना अर्धपोटी ठेवल्याचा बोल आपल्यावर येईल, ही भीती. तीही रास्त. सूचना देऊन हे सुटणार नाही. वाढणाऱ्याला सांगता येईल असे काहीतरी हवे की मूल उपाशी राहणार नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

लहान डाव कायम ठेवून तीन बदल एकदम. वेगवेगळे करायला हवे होते, पण त्यांतला एक सोडून दुसरा चालतच नाही.

१. दुसऱ्या वाढपाची वेगळी खिडकी. पाण्याच्या टाकीशेजारी एक टेबल, त्यावर भात, आमटी, भाजीची लहान पातेली, एक मावशी. रांग नाही. वर पाटी : 'परत या. कितीही वेळा.'

२. भाजीचे एक पातेले ९ वाजेपर्यंत झाकून राखून ठेवायचे आणि ते राखलेले आहे हे दिसेल असे ठेवायचे. उशिरा येणाऱ्यांचा विमा हाच.

३. 'बास'ऐवजी 'अजून'. मावशी एक डाव वाढून हात थांबवतात. समोरचा 'अजून' म्हणाला की दुसरा, पुन्हा म्हणाला की तिसरा. 'एक डाव वाढते, लागला तर परत ये' हे लांबलचक वाक्य ठरवले होते. ३०० ताटांना ते कुणी म्हणणार नाही. डाव पातेल्यात उभा करून क्षणभर थांबणे पुरते.

उद्यापासून मोजणी, पुन्हा मंगळवार ते शुक्रवार, तीन आठवडे. निकालाचा निकष आधीच लिहून ठेवला आहे, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाही : प्रत्येक दिवसाची जोडी पायाभूत मोजणीतल्या त्याच क्रमांकाच्या आठवड्यातल्या त्याच वाराशी. रक्षाबंधनाच्या आदला शुक्रवार ८ आणि स्वातंत्र्यदिनाचा शुक्रवार १५, दोन्ही बाद, कारण निम्मी मुले गावी. गटारीचा गुरुवार आधीच बाद. राहतात नऊ जोड्या. नऊपैकी किमान आठ दिवशी भाताचे उष्टे कमी आले तरच फरक मानायचा. नाणेफेकीत नऊपैकी आठ किंवा नऊ छापे पडण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते.

अपेक्षाही बेताची ठेवली आहे. अमेरिकेत सरकारांसाठी काम करणाऱ्या दोन नज विभागांच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. छापून आलेल्या विद्यापीठीय प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदूंचा दिसतो. या विभागांनी छापलेले-न छापलेले सगळे प्रयोग धरले तर १.४.

१३ ऑगस्ट, बुधवार

मधेच एक नोंद, महत्त्वाची. भाताचे उष्टे उतरते आहे. पण पातेल्यात उरलेला भात चढतो आहे. आचारी रोज २१ किलो तांदूळच लावतात. ताटात न पडलेला भात पातेल्यात राहिला, रात्री दहाला ओल्या कचऱ्याच्या पिंपात गेला. थोडा सकाळी फोडणीचा भात झाला, पण तोही सगळा संपत नाही.

म्हणजे आजवर वाचले ते उष्टे. तांदूळ एक दाणाही वाचलेला नाही, गॅसही नाही. ताटाजवळ केलेली कुठलीही नज स्वयंपाकघरातल्या मापापर्यंत पोहोचली नाही तर तिचा पर्यावरणाशी संबंध शून्य.

आचाऱ्यांचे गणितही सरळ आहे. भात उरला तर कुणी विचारत नाही. भात कमी पडला तर सगळे त्यांना विचारतात. मग माणूस जास्तच लावणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मोजणी संपली. भाताचे उष्टे नऊपैकी आठ जोड्यांत कमी. निकष गाठला. न जुळलेला दिवस दुसऱ्या आठवड्यातला बुधवार : मसालेभातात मीठ दुप्पट पडले होते. तिथे डाव लहान असून काय होणार.

भाजी-आमटीच्या उष्ट्यात नऊपैकी पाच कमी, म्हणजे काहीच नाही. आमटीचा डाव बदललाच नव्हता आणि वाटी काठोकाठ भरायची सवय कायम आहे. पोळीत फरक नाही. ती हाताने घेतात.

दुसऱ्या वाढपाच्या खिडकीवर पहिल्या दोन दिवशी झुंबड उडाली. परत गेल्यावर खरेच मिळते का, हे तपासणे चालले होते. चौथ्या दिवसापासून ती शांत. ही खिडकी पहिल्याच आठवड्यात 'कामाची नाही' म्हणून बंद केली असती तर सगळेच कोसळले असते. तिचे काम भात वाढण्याचे कमी, भात मिळेल याची खात्री देण्याचे जास्त.

२५ ऑगस्ट, सोमवार

स्वयंपाकघराची नज. आचाऱ्यांना 'कमी लावा' असे सांगायचे नाही, निर्णयाची वेळ पुढे ढकलायची.

आधी १५ किलो तांदळाचा भात. उरलेले ६ किलो तांदूळ धुऊन ७:४५ ला भिजत ठेवायचे, लावायचे नाहीत. ८:१५ ला रॅकवरची ताटे मोजायची. १५० पेक्षा जास्त ताटे उचलायची बाकी असतील तर सहाही किलो, ८० ते १५० असतील तर तीन, त्याखाली काहीच नाही. मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यावर लावलेला भात साधारण २५ मिनिटांत उतरतो, म्हणून पाणी ८ वाजताच उकळायला ठेवायचे. भिजलेले पण न लावलेले तांदूळ निथळून, झाकून फ्रीजमध्ये, आणि सकाळच्या इडली-डोशाच्या वाटणात. फ्रीज नसेल तर हे करू नये. श्रावण-भाद्रपदाच्या हवेत भिजले तांदूळ रात्रभर बाहेर राहिले तर आंबतात.

आकडा ठरवतो रॅक, आचारी नव्हे. कमी पडला तर बोल तक्त्याला. हे लेखी देऊन मेस समितीची सही घेतली. त्या सहीशिवाय पहिल्याच दिवशी २१ किलो लागले असते.

परवा गणेश चतुर्थी. वसतिगृह रिकामे. मोजणी बंद.

८ सप्टेंबर, सोमवार

उद्यापासून उलट तपासणी : दोन आठवडे जुना ११५ ग्रॅमचा डाव परत. फरक डावामुळे पडला असेल तर उष्टे वाढायला हवे. खिडकी आणि तांदळाचा तक्ता चालूच. नवरात्र २२ ला, त्याआधी संपवायचे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उष्टे थोडे चढले, पण जुलैच्या पातळीच्या जवळपासही नाही. कारण रांगेत उभे राहिल्यावर दिसले : डाव मोठा, पण मावशी एकच वाढून हात थांबवतात. 'अजून'ची सवय हाताला लागली आहे. म्हणजे उलट तपासणीत डाव उलटला, पद्धत उलटलीच नाही. नियोजनातली आमची चूक. डावाचा वाटा किती आणि थांबण्याचा किती, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. अंदाज असा की थांबण्याचा मोठा.

तांदळाचा तक्ता : आठपैकी पाच दिवशी दुसऱ्या खेपेला तीनच किलो लागले, एक दिवस काहीच नाही, दोन दिवस पूर्ण सहा. म्हणजे रोज २१ किलोप्रमाणे १६८ किलो लागले असते, तिथे १४७ लागले. एकदा भात दहा मिनिटे उशिरा उतरला, पाणी वेळेवर ठेवले नव्हते. तेवढीच तक्रार.

एक अनपेक्षित गोष्ट. ८:४० ला गरम भात आला की ज्यांचे जेवण झाले आहे तेही 'जरा गरम' म्हणून उठतात. त्यातला काही भाग उष्ट्यात जातो. दुसरी खेप रांगेच्याच पातेल्यात मिसळायची, खिडकीवर न्यायची नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

लहान डाव परत. दोन जास्तीचे आणून ठेवले, कारण डाव हरवतात, आणि हरवला की कोठीतून जुनाच निघतो. जुने चारही डाव आमटीच्या बाजूला दिले.

पुढचे काम आमटीचे. वाटी १५० मिलीची आहे. ती बदलायची नाही. वाढायच्या डावाला ९० मिलीवर आतून खूण करून घ्यायची आणि 'अजून'चीच पद्धत लावायची. या वेळी डाव आणि पद्धत एकाच आठवड्यात बदलायचे नाहीत : आधी दोन आठवडे फक्त थांबणे, मग खुणेचा डाव. निथळवलेल्या चाळणीखाली घमेले ठेवून वाहून जाणारी आमटीही मोजायची, नाहीतर याही वेळी आकडा अर्धाच हाती येईल. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर. चाळणीचे माप घेतले आहे : घमेल्याचा व्यास ४५ सेंटीमीटर हवा, सध्याचे ४० चे आहे आणि बाहेर सांडते.